नोंदींना प्रश्न कसा विचारावा?

पुणे शहरातील पेशवे दफ्तरात मराठेशाहीचे कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांत हिशेब आहेत, पत्रे आहेत, रोजकीर्दी आहेत. एखाद्या राज्याने आपल्या कारभाराची एवढी नोंद मागे ठेवावी ही भाग्याची गोष्ट होय. तथापि कागद जवळ असणे ही एक गोष्ट, आणि त्या कागदांकडून हव्या त्या प्रश्नाचे उत्तर मिळणे ही निराळी गोष्ट. अमुक साली अमुक परगण्याचा वसूल किती आला, एवढे साधे विचारावयाचे झाले तरी रुमाल सोडावयाचा, कागद वाचावयाचे, टिपणे करावयाची आणि रुमाल पुन्हा बांधावयाचा. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सहकाऱ्यांसह हे दफ्तर चाळले आणि १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्या खंडांमागे नुसत्या शोधण्याचा श्रम केवढा असेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

आज त्याच पुण्यात शाळा, पेढ्या, इस्पितळे, कारखाने आणि सरकारी कचेऱ्या आपल्या नोंदी संगणकात ठेवीत आहेत. लाखो नोंदींमधून हवी ती माहिती निवडावी, तिची गटवारी करावी, बेरजा माराव्यात आणि सुबक अहवाल पडद्यावर मांडावा, हे काम संगणक काही क्षणांत करतो. अशा नोंदींच्या संग्रहास डेटाबेस म्हणतात. त्यास घातलेल्या प्रश्नास क्वेरी म्हणतात. आणि प्रश्न जुळविण्यास व उत्तरे अहवालरूपाने मांडण्यास जी साधने निघाली आहेत, त्यांस बिझनेस इंटेलिजन्स असे काहीसे भारदस्त नाव आहे. या साधनांमुळे शोधण्याचा श्रम जवळजवळ संपला. परंतु विचारण्याचा श्रमही संपला, असा समज पुष्कळांचा झालेला दिसतो. आणि तो समज किती महागात पडू शकतो, हे दाखविणे हा या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम या पद्धतीची मूळ कल्पना पाहू. शाळेच्या जनरल रजिस्टराची प्रत्येकास थोडीबहुत ओळख असते. त्यात एका विद्यार्थ्यास एक ओळ असते आणि प्रत्येक ओळीत ठरलेले रकाने असतात: नोंदणी क्रमांक, नाव, जन्मतारीख, इयत्ता, पत्ता. डेटाबेसातील तक्ता म्हणजे असेच एक रजिस्टर होय. शाळेत रजिस्टर एकच नसते. हजेरीपट निराळा, गुणपत्रक निराळे, शुल्काची वही निराळी. या सर्वांना बांधणारा धागा म्हणजे नोंदणी क्रमांक. शुल्काच्या वहीत विद्यार्थ्याचा संपूर्ण पत्ता पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. नोंदणी क्रमांक लिहिला म्हणजे बाकीची माहिती जनरल रजिस्टरात सापडते. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी आणि इतरत्र तिच्या क्रमांकाने तिचा निर्देश करावा, हे या पद्धतीचे सूत्र.

या साध्या दिसणाऱ्या विचारास शास्त्राचे रूप १९७० साली मिळाले. एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे गणिती त्या काळी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील आय.बी.एम. कंपनीच्या संशोधनशाळेत काम करीत असत. त्यांनी त्या वर्षी लिहिलेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, नोंदी यंत्रात कोठे व कशा ठेवल्या आहेत याच्याशी प्रश्न विचारणाऱ्याचा काही संबंध असू नये. त्याच्यापुढे केवळ तक्ते असावेत आणि काय हवे एवढेच त्याने सांगावे. १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या मतास अनुसरून प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तीच पुढे एस.क्यू.एल. या नावाने जगभर रूढ झाली. त्या भाषेतील वाक्याची घडण अवघड नाही. कोणते रकाने हवेत, कोणत्या तक्त्यांतून हवेत, कोणत्या अटीवर हवेत, गटवारी कशाची करावयाची आणि क्रम कसा लावावयाचा, या पाच गोष्टी सांगितल्या की बहुतेक प्रश्न पुरा होतो. सातवीतील ज्या मुलांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांहून कमी आहे त्यांची नावे तुकडीवार द्यावीत, असे मुख्याध्यापक कारकुनास सांगतात. त्या आज्ञेत या पाचांपैकी बहुतेक गोष्टी आधीच आलेल्या असतात.

कारकून आणि यंत्र यांच्यात मात्र एक मोठा भेद आहे. अनुभवी कारकुनास आज्ञेत राहिलेली उणीव समजते. "शाळा सोडून गेलेली मुले यात धरावयाची काय?" असे तो विचारतो. यंत्र विचारीत नाही. ते सांगितलेल्या शब्दांचे तंतोतंत पालन करते, आणि प्रश्न चुकला असला तरी उत्तर तितक्याच नीटनेटक्या अक्षरांत मांडते. चुकलेला अहवाल आणि बरोबर अहवाल हे दिसावयास सारखेच असतात.

हे एका हिशेबाने स्पष्ट करणे बरे. समजा, एका शाळेत ५०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाचे वर्षाचे शुल्क ३,००० रुपये आहे. ४०० पालकांनी शुल्क एकरकमी भरले. ६० पालकांना एवढी रक्कम एकदम देणे शक्य नव्हते. त्यांनी हजार-हजारांचे तीन हप्ते करून वर्षअखेरपर्यंत सर्व रक्कम चुकती केली. उरलेल्या ४० पालकांनी काहीच भरले नाही. आता खरा हिशेब कोणीही तोंडी करील. एकूण येणे १५,००,००० रुपये, वसूल १३,८०,००० रुपये, बाकी १,२०,००० रुपये. आणि ती बाकी त्या ४० जणांकडे आहे.

आता हाच प्रश्न एका नवशिक्याने संगणकास विचारला असे समजा. त्याच्यापुढे दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यात प्रत्येक विद्यार्थ्यास एक ओळ आणि त्यात ३,००० रुपये हे देय शुल्क. दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक पावतीस एक ओळ. त्याने नोंदणी क्रमांकाच्या आधारे दोन्ही तक्ते जोडले, देय रकमेची बेरीज घेतली, पावत्यांची बेरीज घेतली आणि वजाबाकी केली. यात वावगे काय झाले?

दोन गोष्टी झाल्या. साधी जोड केली असता, ज्या क्रमांकाची नोंद दोन्ही तक्त्यांत आहे तेवढ्याच ओळी शिल्लक राहतात. ४० जणांची पावतीच नसल्याने त्यांच्या ओळी जोडलेल्या तक्त्यातून नाहीशा झाल्या. उलट ६० जणांच्या प्रत्येकी तीन पावत्या असल्याने त्यांची ओळ तीनदा आली, आणि त्या प्रत्येक ओळीबरोबर ३,००० रुपयांचे देय शुल्कही तीनदा आले. एकूण ओळी झाल्या ४०० अधिक १८०, म्हणजे ५८०. आणि देय रकमेची बेरीज झाली १७,४०,००० रुपये. त्यातून वसूल १३,८०,००० वजा केले असता बाकी निघाली ३,६०,००० रुपये. ही बाकी कोणाच्या नावावर निघाली? ज्यांनी हप्त्याहप्त्याने पै न पै चुकती केली त्याच ६० जणांच्या नावावर, प्रत्येकी ६,००० रुपये. ज्यांनी काही भरले नाही, त्यांचे नाव अहवालात कोठेही नाही.

अशा अहवालावर विश्वास ठेवून बाकीच्या नोटिसा काढल्या तर त्या कोणाच्या घरी जातील, हे सांगावयास नको. पोटास चिमटा घेऊन हप्ते फेडणाऱ्या पालकाच्या हाती ६,००० रुपयांची नोटीस पडेल. तो कचेरीत येऊन पावत्या दाखवील, आणि समोरचा मनुष्य पडद्याकडे बोट दाखवून म्हणेल की, संगणकात बाकी दिसते आहे. येथे यंत्र बिघडलेले नाही, नोंदी खोट्या नाहीत, कोणाची नियतही वाईट नाही. बिघडलेला आहे तो फक्त प्रश्न.

या चुकीवर उपाय अवघड नाही. प्रथम पावत्यांच्या तक्त्याची विद्यार्थीवार बेरीज करून घ्यावी, म्हणजे भरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास एकच ओळ उरेल. नंतर ती बेरीज विद्यार्थ्यांच्या तक्त्यास अशा रीतीने जोडावी की, डाव्या बाजूच्या तक्त्यातील प्रत्येक ओळ, तिला जोडीदार मिळो वा न मिळो, कायम राहील. या प्रकारास डावी जोड म्हणतात. ज्यांना जोडीदार मिळाला नाही त्यांच्या वसुलाचा रकाना रिकामा राहतो. तेथे शून्य धरावे. असे केले असता ओळी ५०० येतात, बाकी १,२०,००० येते आणि ४० नावे पुढे येतात. सगळे मर्म एका प्रश्नात आहे: या तक्त्यातील एक ओळ म्हणजे काय? एक विद्यार्थी, की एक पावती? जोड करण्यापूर्वी आणि केल्यानंतर ओळी मोजण्याची सवय ज्यास लागली, तो या खड्ड्यात सहसा पडत नाही.

दुसरा खड्डा रिकाम्या रकान्याचा. रिकामा रकाना आणि शून्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाच विद्यार्थ्यांपैकी चौघांना ५०, ६०, ७० आणि ८० गुण पडले आणि पाचवा परीक्षेस आलाच नाही. त्याचा रकाना रिकामा ठेवला तर संगणक चौघांचीच सरासरी काढतो, आणि ती ६५ येते. तेथे शून्य लिहिले तर सरासरी ५२ येते. वर हप्त्यांच्या हिशेबात रिकाम्या जागी शून्य धरणे योग्य होते, कारण पावती नाही याचा अर्थ पैसे आले नाहीत हाच होता. येथे तसे करणे योग्य नाही, कारण न आलेल्या मुलास विषय येत नाही असे कोणी ठरविले? रिकाम्या जागेचा अर्थ काय, हे यंत्रास ठाऊक नसते. तो अर्थ नोंद करणाऱ्यास विचारूनच कळतो.

तिसरा खड्डा नावांचा. पुण्यातील पत्त्यांचा कोणताही जुना तक्ता उघडावा; त्यात एके ठिकाणी "सदाशिव पेठ" असते, दुसऱ्या ठिकाणी "सदाशिव", तिसऱ्या ठिकाणी "स. पेठ". पुणेकरास या तिन्ही एकच पेठ आहेत. संगणकास त्या तीन पेठा आहेत, आणि पेठवार गटवारी केली की तो तीन निरनिराळ्या बेरजा देतो. मग कोणी तरी पहिली बेरीज वाचतो आणि सदाशिव पेठेत तक्रारी फार थोड्या, असा निष्कर्ष काढतो. म्हणून पेठ, प्रभाग, इयत्ता, खाते अशा ज्या गोष्टींची गटवारी करावयाची त्यांची नावे एका निराळ्या तक्त्यात एकदाच निश्चित करून ठेवावीत आणि इतरत्र केवळ त्यांचा क्रमांक वापरावा, हा जाणत्यांचा परिपाठ आहे.

आता अहवाल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळू. बिझनेस इंटेलिजन्स हे शब्द आय.बी.एम. कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५८ साली एका निबंधाच्या शीर्षकात वापरले. योग्य माहिती योग्य मनुष्याकडे आपोआप पोचावी, अशी यंत्रणा त्यांच्या मनात होती. १९९० साली फ्रान्समध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्स ही कंपनी निघाली. तिने एक सोयीची युक्ती प्रचारात आणली. ज्यास तक्त्यांची जोडणी नीट समजते अशा जाणत्याने एकदा बसून "विद्यार्थिसंख्या", "देय शुल्क", "बाकी" अशा नित्याच्या शब्दांचा अर्थ तक्त्यांच्या भाषेत लिहून ठेवावयाचा. पुढे सामान्य कारकुनाने केवळ ते शब्द निवडावयाचे, आणि क्वेरी सॉफ्टवेअरने स्वतःच रचावयाची. आजही या जातीची जी साधने आहेत, जसे २००३ साली स्थापन झालेल्या कंपनीचे टॅब्लो किंवा मायक्रोसॉफ्टने २०१५ साली बाजारात आणलेले पॉवर बी.आय., त्यांतही कमीअधिक फरकाने हाच विचार आहे. रकान्याचे नाव माउसने ओढून आणावे आणि पडद्यावर आलेख उभा राहावा, इतके ते सोपे झाले आहे.

पुणे शहर या विद्येच्या बाबतीत मागे नाही. १९९० साली येथे पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी स्थापन करणारे डॉ. आनंद देशपांडे यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेटसाठी जो विषय घेतला होता तो डेटाबेसचाच होता. आज हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कचेऱ्यांत बसून देशोदेशींच्या पेढ्यांचे अहवाल रचणारे तरुण-तरुणी या शहरात घरोघर आढळतात. रचलेला प्रश्न एकदा साठवून ठेवला की तो रोज सकाळी आपोआप विचारला जातो, आणि अधिकारी खुर्चीवर बसण्यापूर्वीच उत्तर त्याच्या पडद्यावर हजर असते. सोय मोठी आहे, यात संशय नाही. परंतु शुल्काच्या उदाहरणातील चुकलेला प्रश्नही तसाच रोज सकाळी विचारला जातो, आणि रोज त्याच साठ घरांकडे बोट दाखवितो. हाताने चूक करणारा कारकून निदान दर वेळी निराळी चूक करतो; साठविलेली चूक कंटाळत नाही.

अहवालावर माणसांचे जीवित अवलंबून असते, हे कोविडच्या साथीत जगाने पाहिले. इंग्लंडमध्ये २०२० साली २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातील १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनिक अहवालातून गळाल्या. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती ज्या जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत ओतली जात होती, तिच्यात ६५,५३६ हून अधिक ओळी मावतच नाहीत. वहीची पाने संपली, आणि उरलेली नावे लिहावयाची राहिली, असाच हा प्रकार. त्या रुग्णांना आपला निकाल कळला होता. पण त्यांच्या सहवासात आलेल्यांस वेळीच सावध करण्याचे काम मागे पडले. कोणीही खोटे बोलले नव्हते. आलेल्या ओळी आणि धरलेल्या ओळी यांची संख्या ताडून पाहिली गेली नव्हती, एवढेच.

त्याच वर्षी पुण्यात याच्या उलट प्रकारचा धडा मिळाला. २० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात शहरातील पाच प्रभागसमूहांत १,६६४ व्यक्तींचे रक्त तपासण्यात आले. या कामात पुण्याची आयसर ही संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांचा सहभाग होता. त्या तपासणीत ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. हा आकडा बाहेर पडताच अर्ध्या पुण्यास संसर्ग होऊन गेला, असे जो तो बोलू लागला. अहवालाने मात्र तसे म्हटले नव्हते. येरवडा, कसबा व सोमवार पेठ, रास्ता व रविवार पेठ, लोहियानगर व कासेवाडी, नवी पेठ व पर्वती हे भाग निवडले होते तेच मुळी साथीचा जोर अधिक होता म्हणून. तेव्हा ५१.५ हा त्या पाच भागांचा आकडा होता, पुण्याचा नव्हता. शिवाय त्या पाचांतही प्रमाण एकसारखे नव्हते; कसबा व सोमवार पेठेत ते ३६.१ टक्के होते, तर लोहियानगर व कासेवाडीत ६५.४ टक्के. एकच सरासरी हाती धरून बसणाऱ्यास या दोन वस्त्यांतील अंतर दिसले नसते. आणि दाट वस्तीतील लोकांकडे लक्ष कोठे द्यावयाचे, हे त्या अंतरातच तर सांगितलेले होते.

यावरून टक्केवारीच्या छेदाकडे लक्ष देण्याची आवश्यकता ध्यानी येईल. अंश सर्वांच्या डोळ्यांत भरतो. छेद कोणी पाहत नाही. पुणे महानगरपालिकेचाच दाखला घ्यावा. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिकेच्या हद्दीत ३१,२४,४५८ लोक होते. त्यानंतर २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली आणखी २३ गावे हद्दीत आली. आता २०१६ सालच्या आणि २०२२ सालच्या पाण्याच्या तक्रारी शेजारी मांडून कोणी आलेख काढला, तर वाढ दिसणारच. पण ती वाढ नळाची की हद्दीची, हे आलेखावरून कळावयाचे नाही. जुन्या हद्दीतील प्रभाग निराळे काढून त्यांची तुलना करावी, नव्या गावांचा हिशेब निराळा द्यावा, आणि दोन्ही अहवालांच्या माथ्यावर कोणती हद्द धरली हे लिहावे. तरच तो अहवाल प्रामाणिक म्हणावयाचा.

हा प्रामाणिकपणा पुण्यास नवा नाही. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने येथे गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था स्थापन केली, आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७ च्या सुमारास पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी करण्यात आली. तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी पुण्यात संगणक नव्हता. निवडलेल्या कुटुंबांकडे तपासनीस स्वतः गेले, प्रश्नपत्रिका भरल्या आणि तक्ते मनुष्यांच्या हातांनी तयार झाले. अशा पाहणीत कुटुंब कशास म्हणावयाचे, मिळवता कोणास म्हणावयाचे, धंदा कोणत्या वर्गात घालावयाचा, हे घरोघर जाण्यापूर्वीच ठरवावे लागते. कारण एकदा चुकीच्या रकान्यात भरलेली माहिती सुधारण्यासाठी पुन्हा शहरभर हिंडणे शक्य नसते. पुढे १९५४ साली शहराची फेरपाहणी झाली, आणि सोवनी, आपटे व पेंडसे यांनी तिचा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध केला. मधल्या काळात पुणेकरांच्या धंद्यांत व मिळकतीत काय पालट झाला हे त्या ग्रंथाने दाखविले. अशी तुलना करता येते, ती पहिल्या वेळी शब्दांचे अर्थ नीट लिहून ठेवलेले असतात म्हणूनच.

ज्या काळी प्रश्न विचारणे महाग होते, त्या काळी तो विचारण्यापूर्वी फार विचार केला जाई. आज प्रश्न फुकट झाला आहे. दिवसातून शंभर वेळा विचारावा, नाही पटले तर बदलावा, असे स्वातंत्र्य आहे. त्या स्वातंत्र्याचा लाभ घ्यावाच. परंतु पूर्वीची ती सावधगिरी सोडण्याचे काही कारण नाही. अहवाल रचणाऱ्या तरुणाने, आणि तो वाचणाऱ्या अधिकाऱ्यानेही, थोड्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. या तक्त्यातील एक ओळ म्हणजे काय? जोड केल्यावर कोणत्या ओळी गळाल्या आणि कोणत्या दुणावल्या? रिकाम्या रकान्याचा अर्थ काय धरला? टक्केवारीचा छेद कोणता, आणि तो मागच्या वेळचाच आहे काय? शेवटी, आलेल्या उत्तरातील दोन-चार नावे घेऊन मूळ कागदाशी ताडून पाहिली काय? पहिले चार प्रश्न बुद्धीचे आहेत. पाचवा कष्टाचा आहे, आणि म्हणून तोच बहुधा राहून जातो. शुल्काच्या उदाहरणात बाकीदारांपैकी एकाच नावाच्या पावत्या काढून पाहिल्या असत्या, तर सारा घोटाळा पाच मिनिटांत उघडा पडला असता.

हे सर्व सामान्य नागरिकाच्याही उपयोगाचे आहे. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने सार्वजनिक कचेऱ्यांना आपल्या नोंदी सूचीबद्ध करून ठेवण्याचे बंधन घातले आणि नागरिकास त्या मागण्याचा हक्क दिला. परंतु "आमच्या भागात पाणी का येत नाही?" अशा प्रश्नास कोणतीही नोंद उत्तर देत नाही. अमुक टाकीतून, अमुक महिन्यात, रोज किती तास पाणी सोडल्याची नोंद आहे, असे विचारले तर उत्तर द्यावेच लागते. काय हवे, कोठून हवे, कोणत्या मुदतीचे हवे, हे नेमके सांगणे ही क्वेरीचीच रीत होय. ती शिकण्यास संगणक लागत नाही.

तेव्हा पडद्यावर एखादी बेरीज झळकली, की तिच्यात कोण धरले गेले एवढेच न पाहता कोण राहिले हेही पाहावे. प्रत्येक ओळीच्या टोकास एक मनुष्य उभा असतो. हप्त्याहप्त्याने शुल्क भरून, पावत्या घडी करून जपणारा पालक त्यांपैकीच एक. त्याने आपल्या पावत्या जपल्या आहेत. त्याचा हिशेब करणाऱ्याने आपला प्रश्न तितक्याच काळजीने जपावा, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.